मनगटावर जखम करून दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तुम्ही खालच्या मजल्यावर, मी वरच्या. पत्राची तशी गरज नव्हती. पण समोर आले की माझ्या तोंडून धड दोन शब्द फुटत नाहीत आणि तुम्ही लगेच चहाचं विचारता. म्हणून हे लेखी, आणि सगळ्यांसमोर.

त्या रात्री मी 'टेरिफायर २' बघत होते. २०२२ च्या ऑक्टोबरात हा सिनेमा अमेरिकेत लागला, तेव्हा थिएटरात लोकांना भोवळ आल्याच्या, उलट्या झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. भयपट मी शाळेपासून बघतेय, आपल्याला काही होणार नाही अशी खात्री होती. त्यातला खुनी विदूषक ॲली नावाच्या मुलीला तिच्या खोलीत हालहाल करून मारतो, त्या प्रसंगाशी मी लॅपटॉप मिटला. हात गार पडले होते. हेडफोन काढले तरी तो आवाज कानातून जात नव्हता. पहाटे दूध घ्यायला तुम्ही दार उघडलंत तेव्हा मी जिन्यात बसले होते.

नंतर ज्यांना ज्यांना हे सांगितलं, त्या प्रत्येकानं विचारलं, असलं बघतेसच कशाला? तुम्ही तेवढं विचारलं नाहीत. म्हणालात, "घेऊन ये तो सिनेमा. कसा केलाय ते बघू."

चाळीस वर्षं नटांचे चेहरे रंगवलेला माणूस माझ्या शेजारी बसला आणि त्यानं आधी आवाज बंद केला. निम्मी भीती तिथंच गेली. मग तुम्ही तो प्रसंग थांबवत थांबवत बघितलात. इथवर नटी खरी असणार, इथं कॅमेरा सरकला म्हणजे पुढचं बहुतेक साच्यातून काढलेलं, या कातडीखाली दुसरी कातडी आधीच बसवलेली असणार. दिग्दर्शक डेमियन लिओनी स्वतःच रंगभूषा आणि इफेक्ट करतो, हे मी सांगितल्यावर तुम्ही चष्मा पुसून पुन्हा लावलात. जवळपास अडीच लाख डॉलरांत केलेला सिनेमा, त्यातल्या एका मोठ्या प्रसंगासाठी लोकांकडं ५० हजार डॉलर मागितले, तर चौपटीहून जास्त जमले. वर्गणीवर नाटक उभं करणं तुम्ही आयुष्यभर बघितलेलं. म्हणालात, मग या माणसानं पैशाची जागा वेळेनं भरून काढलीय. एवढ्याशा पैशातल्या या सिनेमानं अमेरिकेतच एक कोटी डॉलरांवर गल्ला केला.

आर्ट हा खुनी विदूषक तुम्हाला मनापासून आवडला, हे मला अजून नवल वाटतं. त्याचं काम करणारा डेव्हिड हॉवर्ड थॉर्नटन पहिल्या दोन्ही भागांत एक शब्द बोलत नाही. पोशाखांच्या दुकानात तो गमतीचे चष्मे घालून बघतो, भोंगा वाजवतो आणि समोर सिनेमाची नायिका सिएना गोठून उभी असते. तो प्रसंग तुम्ही तीनदा लावायला सांगितलात. रक्ताचा थेंब नाही, आणि सगळ्या सिनेमात मला तोच सर्वांत भीतिदायक वाटतो. पांढऱ्या रंगावर भुवई जराशी हलली तरी शेवटच्या रांगेला दिसते, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. मी इतकी वर्षं भयपट बघतेय, पण चेहऱ्याकडं असं बघायला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि सिएना. पहिल्या भागात जिचा हात धरून शेवटापर्यंत जावं अशी कुणी उरतच नाही. जिला नायिका समजून बसावं, ती मध्येच मारली जाते. इथं लॉरेन लाव्हेराची सिएना स्वतःचा पोशाख स्वतः शिवते, गेलेल्या वडिलांच्या चित्रावरून. आई आणि भावाशी तिची कुरबुर चालू असते. या घरातल्या प्रसंगांना तुम्ही लांबण म्हणालात. काका, इथं मी अजूनही तुमच्याशी सहमत नाही. त्या घरामुळंच शेवटच्या मारामारीत माझा जीव गुंतला.

बाकी १३८ मिनिटं जास्तच आहेत. पहिला भाग दीड तासाच्या आत आटपतो. ती फिकट चेहऱ्याची मुलगी कोण, तलवारीत ताकद आली कुठून, वडिलांनी हे सगळं आधीच कसं रेखाटलं, याची उत्तरं सिनेमानं पुढच्या भागावर ढकलून दिली आहेत.

पण खरा दोष तुम्ही दाखवलात. ॲलीच्या प्रसंगात सगळं झाल्यावर तो विदूषक ब्लीच आणि मीठ घेऊन परत येतो. तिथं तुम्ही सिनेमा थांबवलात आणि बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, जखम प्रेक्षकाला पोचली होती. आता पात्र संपलं, नुसता साचा उरला, आणि हा आपला साचाच दाखवत बसलाय. रात्रभर मला स्वतःची लाज वाटत होती. आपण कच्चे म्हणून घाबरलो, की विकृत म्हणून बघत बसलो, काही ठरत नव्हतं. त्या दोन वाक्यांनंतर कळलं, की जिथं मी लॅपटॉप मिटला तिथंच सिनेमाचा तोल गेला होता.

त्यानंतर तुम्ही जुनी पेटी काढलीत. टिश्यू पेपर, डिंक, कुंकू, गुळाचा पाक. माझ्या मनगटावर पाऊण तास वाकून जखम केलीत. पेपराची कड बोटानं विरवून कातडीत कशी मिसळायची ते दाखवलंत. तुमचा हात आता थरथरतो, पण ब्रश टेकला की स्थिर होतो. तेवढा वेळ मला कसलीच भीती वाटली नाही. मग खोबरेल तेल लावून ती जखम मलाच पुसायला लावलीत.

संध्याकाळी मी उरलेला सिनेमा बघितला, आवाज चालू ठेवून. पाण्यात बुडालेली सिएना तलवार घेऊन पुन्हा उठली तेव्हा मी स्वतःचं मनगट धरून बसले होते. नखांच्या कडेला थोडं कुंकू राहिलं होतं.

मनापासून आभार, काका.

तुमची,
वरच्या मजल्यावरची