वंशावळीची फाईल ऑनलाईन टाकण्याआधी जरा थांबा

मंडळी नमस्कार, चवथीला सगळे फोंड्याच्या घरी जमणार तेव्हा वंशावळीचं काम पुढे न्यायचंय म्हणून आत्ताच सांगून ठेवते. सॉफ्टवेअर ग्रॅम्प्स घेऊया, फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि सगळा डेटा आपल्याच कॉम्प्युटरवर राहतो. कुठलंही दुसरं वापरत असाल तर एवढंच बघा की त्यातून जेडकॉम (GEDCOM, वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचा ठरलेला प्रकार) फाईल निघते का, म्हणजे उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी नावं-नाती परत टाईप करावी लागणार नाहीत. फोटो मात्र शक्यतो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, साध्या जेडकॉममध्ये ते जात नाहीत, फोटो कॉम्प्युटरवर कुठे आहे एवढाच पत्ता जातो.

आता महत्त्वाचं. गेल्या महिन्यात आपल्यातल्याच एकाने अख्खी फाईल एका साईटवर टाकली, हेतू चांगलाच होता, पण माझ्या भाचीची जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव सगळं उघडं पडलं, मला रात्रभर झोप नाही. जिवंत माणसांची माहिती त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका, प्लीज. ग्रॅम्प्समध्ये एक्स्पोर्ट करताना जिवंत माणसं वगळायचा ऑप्शन आहे, तो लावा.

आणि पोर्तुगीज कागदावरची नावं 'सुधारू' नका हां, आजोबांच्या दाखल्यावर नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई आहे, शणै तिथे सिनाय होतात, तर दोन्ही रूपं नोंदवा, नाहीतर पणजीच्या पुराभिलेखात शोधताना काहीच सापडणार नाही. जुन्या वह्या, दाखले चवथीला घेऊन या, तिथेच फोटो काढू.