ड्रेसिंगच्या ड्रममधली मतं : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरचा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मेडिसिन शिकवण्यात उभी नोकरी गेली. बदल्यांमुळे चार गावचं पाणी प्यालो आणि निवृत्तीनंतर पुन्हा इथे, नळाला पाणी कधी येणार यावर दिवस ठरवणाऱ्या गावात, येऊन बसलो. संध्याकाळी दोन तास घरीच पेशंट बघतो. जुने विद्यार्थी अधूनमधून भेटायला येतात. त्यातले काही आता स्वतःच कुठल्या ना कुठल्या कॉलेजात शिकवतात.

मागे अशीच एक विद्यार्थिनी आली. फिजिशियन आहे, सहयोगी प्राध्यापक आहे. चहा पिताना हसत म्हणाली, "सर, मी वर्षभर अभ्यासक्रम समितीवर होते. मला ते इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री कळलं." कॉलेजची मान्यता तपासणारं पथक येणार म्हणून ऑफिसातून क्लार्कचा फोन आला, ती गेली आणि मागच्या तारखांच्या चार बैठकांच्या इतिवृत्तांवर चार सह्या करून आली. एका इतिवृत्तात तर तिने मांडलेली सूचनाही होती, म्हणे. चांगली होती सूचना. फक्त तिने ती कधी केलीच नव्हती.

कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. चौकशी लावलीत तर सही करणारीच अडकेल, सही घेणारा नव्हे. शिवाय एका कॉलेजचं नाव घेतलं की बाकीच्यांना हायसं वाटतं, तेही मला नको आहे.

मागणी पहिल्यांदा सांगतो, कारण मंत्रालयात पत्राचा पहिला पानभर भागच वाचला जातो असं ऐकून आहे. प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या अभ्यासक्रम समितीत आणि कॉलेज कौन्सिलमध्ये काही जागा तिथल्या शिक्षकांनी गुप्त मतदानाने निवडून द्याव्यात, असा शासन निर्णय काढा. सगळ्या जागा नकोत. तीन पुरेत. त्यांतली एक सहायक प्राध्यापकाची असावी.

कॉलेज कौन्सिलची रचना आपल्याला ठाऊक असेलच. जुन्या मेडिकल कौन्सिलच्या निकषांपासून ती ठरून गेली आहे: अधिष्ठाता (डीन) अध्यक्ष, विभागप्रमुख सदस्य, वर्षातून किमान चार बैठका. विभागप्रमुख कोण, तर जो सर्वांत ज्येष्ठ तो. म्हणजे वॉर्डात रात्री दोन वाजता उभं राहायचं वय ज्यांचं उलटून गेलंय, ते सगळे एका टेबलाभोवती. त्यांच्यात मीही होतो, म्हणून हे बोलायचा मला अधिकार आहे. कौन्सिलच्या बैठकीत आम्ही पार्किंगवर जेवढं बोललो त्याच्या निम्मंही शिकवण्यावर बोललो नाही.

२०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. पहिल्या वर्षापासून पेशंटची ओळख, संवादकौशल्याचे तास, नीतिमत्तेचे तास, लॉगबुक. कागदावर उत्तम. पण कुठला तास कुठल्या वॉर्डात, किती वाजता, किती पोरांची बॅच आणि शिकवणार कोण, हे दिल्लीत ठरत नाही. ते कॉलेजातली समिती ठरवते. आणि समितीत कोण, हे एका माणसाच्या सहीने ठरतं.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. जरा लांबेल.

मी एका कॉलेजात असताना आमचे अधिष्ठाते सर्जन होते, दिलदार माणूस. एकदा वैतागून म्हणाले, "शैक्षणिक समितीवर घेतलं तर हे तक्रार करतात, नाही घेतलं तर ते. घ्या मतदान एकदाचं." दोन जागा मतदानाला निघाल्या. पाच जण उभे राहिलो: बालरोगचे एक, गायनॅकच्या एक मॅडम, फिजिऑलॉजीचे एक आणि मेडिसिनचे चक्क दोघं. एक मी आणि एक आमचाच सहायक प्राध्यापक, नोकरीला लागून तीन वर्षं झालेला. मतपत्रिका म्हणून जुन्या एक्स-रे फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजू कापल्या. पेटी कुठून आणणार? ओटीच्या सिस्टरनी ड्रेसिंगचा ड्रम दिला, ऑटोक्लेव्हमध्ये गॉज ठेवतात तो, कडेला सरकती भोकं असलेला. त्या भोकांतून घडी केलेली चिठ्ठी बरोबर आत जायची. वर सिस्टरनी निर्जंतुक केल्याची तारीख असलेली पट्टीही तशीच ठेवली होती. यापेक्षा स्वच्छ मतपेटी मी तरी पाहिलेली नाही.

मतदानाआधी प्रत्येकाने लेक्चर हॉलमध्ये पाच मिनिटं बोलायचं होतं. मी गुणवत्तेवर बोललो. दर्जा, परंपरा, गुरुशिष्य असे शब्द वापरले. टाळ्या पडल्या. मग तो पोरगा उठला. रात्रपाळी करून आलेला, दाढी वाढलेली. त्याने फळ्यावर फक्त वेळा लिहिल्या. नऊ वाजता राउंड. दहा वाजता पेशंट एक्स-रेला आणि सोनोग्राफीला. साडेदहाला बेडसाइड क्लिनिक, म्हणजे पेशंटच्या खाटेशी पोरांना शिकवणं. "साडेदहाला वॉर्डात काय उरतं?" त्याने विचारलं. "गाद्या. आपली पोरं गाद्या तपासतात." त्याचं म्हणणं एवढंच होतं की आठवड्यातून दोन दिवस क्लिनिक संध्याकाळी चार ते सहा घ्यावं. पेशंट जागेवर असतो, तपासण्यांची धावपळ संपलेली असते आणि गावाहून आलेला नातेवाईक शेजारी बसलेला असतो, त्यामुळे हिस्ट्रीही धड मिळते.

तो सर्वाधिक मतांनी निवडून आला. मला अकरा मतं पडली. माझ्या विभागात तेव्हा तेरा शिक्षक होते. बाकीचं गणित आपण राजकारणातले असल्याने मी समजावून सांगायला नको.

पण माझा हरल्याचा सल फार दिवस टिकला नाही, त्याचं कारण ते संध्याकाळचं क्लिनिक. मायट्रल स्टेनोसिसचा, म्हणजे हृदयाची एक झडप अरुंद झाल्यावर येणाऱ्या जादा आवाजाचा, मर्मर तुम्ही ऐकला नसेल. फार खालच्या सुरातला असतो, गडगडल्यासारखा, लांबून बैलगाडी जावी तसा. पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं, स्टेथोस्कोपची बेल हलकेच टेकवायची आणि वाट बघायची. सकाळी ट्रॉल्यांच्या खडखडाटात आणि मावश्यांच्या हाकांत तो तज्ज्ञालाही निसटतो. संध्याकाळी पाचच्या सुमाराला, वॉर्डात ऊन तिरपं आलेलं असताना, एका मुलीला तो पहिल्यांदा ऐकू आला. तिने कानातून नळ्या काढल्या, पेशंट बाईंकडे बघितलं आणि पुन्हा घातल्या. पंचवीस वर्षं शिकवूनही मी क्लिनिकची वेळ बदलावी असं मनात आणलं नव्हतं. ते सुचायला त्या वेळेत तिथे रोज उभा असलेला माणूस लागला.

सात महिने चाललं. मग अधिष्ठाते बदलले. नव्या साहेबांचं दोन ओळींचं पत्र आलं: सदर निवडणुकीची नियमात तरतूद नसल्याने समिती बरखास्त करण्यात येत आहे. नवी समिती ज्येष्ठतेनुसार. त्यात मी आपोआप आलो. संध्याकाळचं क्लिनिक गेलं. तो पोरगा पुढच्या वर्षी नोकरी सोडून एका तालुक्याच्या गावी स्वतःचं हॉस्पिटल टाकून बसला आणि उत्तम कमावतो. सरकारी कॉलेजांना शिक्षक का मिळत नाहीत यावर आपल्याकडे समित्या नेमल्या जातात. त्याला पगार कमी होता म्हणून तो गेला नाही, एवढं मी खात्रीने सांगतो.

"नियमात तरतूद नाही" हे वाक्य मात्र खरं होतं. म्हणून हे पत्र आपल्याला. चांगल्या अधिष्ठात्याच्या मर्जीवर जे सुरू होतं ते दुसऱ्याच्या मर्जीवर बंद पडतं. तरतूद आपणच करू शकता.

निवडणुकीने गटबाजी वाढेल, असं आपले अधिकारी सांगतील. गटबाजी आताही आहे, साहेब. फक्त ती अधिष्ठात्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर चालते. मतदानात ती निदान मोजता येते.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे आणि ती मी झटकून टाकणार नाही. निवडून आलेल्या डॉक्टरांनी काय दिवे लावले ते देशाने पाहिलंय. १९५६ च्या कायद्याखालच्या मेडिकल कौन्सिलमध्ये निवडून आलेले सदस्य होते आणि २०१० मध्ये तिच्या अध्यक्षांना सीबीआयने लाचेच्या प्रकरणात अटक केल्यावर सरकारला ती बाजूला सारावी लागली. २०२० मध्ये तिची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली, जिथे बहुतेक माणसं नेमलेली किंवा पदसिद्ध आहेत. हे सगळं कबूल. पण त्या कौन्सिलच्या हातात कॉलेजांच्या मान्यता होत्या. एकेका सहीची किंमत कोटींत होती. अभ्यासक्रम समितीच्या हातात टाइमटेबल आहे. बुधवारचं क्लिनिक गुरुवारी घेण्यासाठी आजवर कोणी कोणाला पाकीट दिल्याचं ऐकिवात नाही.

आणि मतदान आम्हाला नवं आहे असंही नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अधिसभेवर शिक्षकांतून प्रतिनिधी निवडून जातात. पॅनल पडतात, व्हॉट्सॲपवर हात जोडलेले फोटो फिरतात. म्हणजे नाशिकला कोण जाणार हे ठरवण्याइतका आमचा शिक्षक शहाणा आहे, आणि स्वतःच्या वॉर्डात क्लिनिक किती वाजता घ्यायचं हे ठरवताना मात्र तो बालवाडीत. अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयांना मान्यता देणारी जी संस्था आहे ती १९४२ पासून काम करते. शिक्षणाच्या निर्णयांत शिक्षकांचा थेट सहभाग असण्याची व्यवस्था कॉलेजात आहे की नाही, हा तिच्या निकषांपैकी एक आहे. तिथल्या कित्येक कॉलेजांत समितीला उभे राहिलेले डॉक्टर आपलं म्हणणं अर्ध्या पानात लिहून देतात आणि सहकारी मत देतात. ते सगळं जसंच्या तसं इथे आणा असं मी म्हणत नाही. फळा, खडू आणि ड्रम आपल्याकडे आहे.

सोलापुरात बसून लिहितोय म्हणून इथली एक गोष्ट सांगतो. सोलापूरचं वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चं. आमच्या सिव्हिलच्या ओपीडीत अक्कलकोट, तुळजापूरचे पेशंट येतात, तसे सीमेपलीकडचे, कर्नाटकातल्या इंडी, आळंदचेही येतात. शहराच्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या आजी तेलुगूत सांगतात, 'आयासम'. म्हणजे धाप. अक्कलकोटकडचा शेतकरी छातीवर हात ठेवून म्हणतो, 'एदे नोवु', कानडीत छातीत दुखतंय. नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीच्याच फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेला वेळ दिलेला आहे. स्थानिक म्हणजे कुठली, हे सोलापूरसारख्या गावात ओपीडीच्या टेबलावर बसणाऱ्याला विचारा. तो तीन भाषांची नावं घेईल. आमच्याच गावच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी १९३८ साली चीनला गेल्यावर रुग्णांशी बोलता यावं म्हणून तिथली भाषा शिकून घेतली, पुढे तिथल्या मुलांना शिकवलंही. पाहुणे सोलापुरात आले की कोटणीसांच्या पुतळ्याला हार घालतात. हार घाला, पण फाउंडेशन कोर्सात चार तास तेलुगू आणि चार तास कानडी घ्या, असं म्हणणारा एक तरी माणूस समितीत असू द्या.

आता तपशिलाचं, भराभर. मतदान गुप्त असावं. मुदत दोन वर्षांची. मधेच बदली झाली तर उरलेल्या मुदतीसाठी पुढच्या क्रमांकाच्या मतांचा उमेदवार यावा, नाहीतर नको असलेला सदस्य बदलीने काढायची नवी कला जन्माला येईल. बैठकीचं इतिवृत्त आठ दिवसांत नोटीस बोर्डावर लागावं, म्हणजे इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्रीचा सह्यांचा कार्यक्रम आपोआप बंद होईल. निवासी डॉक्टरांचा एक प्रतिनिधी मत नसला तरी बैठकीत बसावा. विद्यार्थ्यांना रोज खरं शिकवतात ते तेच.

आणि कंत्राटी शिक्षकांना मताचा अधिकार हवाच, यावर मी अडून राहणार आहे. एकशेवीस दिवसांच्या नेमणुकीवर वर्षानुवर्षं काढलेले सहायक प्राध्यापक मी पाहिलेत. नेमणूक संपते, मधे खंड पडतो, पुन्हा ऑर्डर निघते. त्या खंडातही पेशंटच्या नातेवाइकांचे फोन त्यांनाच जातात. ओपीडी त्यांच्या जिवावर, आयसीयू त्यांच्या जिवावर. "हे आज आहेत, उद्या नाहीत, यांना मत कशाला?" असं कोणी फाइलवर लिहिलं, तर आमच्या ज्येष्ठांच्या यादीतले किती जण पुढच्या दोन वर्षांत निवृत्त होतायत तेही शेजारच्या कॉलममध्ये लिहायला सांगा.

राज्यभर एकदम करायला वित्त विभाग हरकत घेईल असं वाटत नाही, कारण खर्च नाही. तरी धीर होत नसेल तर एकाच कॉलेजात एका वर्षासाठी करून बघा. सोलापूर घ्या. मी निवृत्त आहे, उभा राहणार नाही, मतही माझं नाही. मतमोजणीला खुर्ची टाकून बसू दिलंत तर येईन. ड्रम कुठे मिळेल ते ओटीच्या सिस्टरना विचारू.

पोच नको. शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख कळवलीत तर बरं होईल.

आपला,
एक निवृत्त फिजिशियन,
सोलापूर