नेटवाल्या भाऊंना, आमच्या अख्ख्या घराकडून

भाऊ, नमस्कार.

नाव कुठे टाकू नका असं तुम्ही म्हटलं होतं, म्हणून नुसतं भाऊच लिहिते. आर्वी तालुक्यात ज्यांच्या घरी तुम्ही लाईनचं काम केलं, त्यांना कळेलच. आभार घरी मानले होते, पण तेव्हा तुमची गाडी सुरू झालेली आणि पुढच्या गावाहून फोन येत होता. जे सांगायचं ते राहूनच गेलं.

आमचं घर तुम्ही पाहिलंच आहे. पुढे ओसरी आणि बैठक, मग दोन हात जाड मातीच्या भिंतींचं माजघर, अंगण ओलांडून मागे नवीन स्लॅबची खोली. फायबरची पांढरी डबी, म्हणजे पहिला राऊटर, बैठकीत. तिथेच माझा संगणक, ज्यावर शाळेचं यू-डायस आणि बाकी ऑनलाइन माहिती भरते. माजघरालगत दिरांचा, त्यावर व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीचे रिटर्न. मागच्या खोलीत पुतणीचा लॅपटॉप आणि माझ्या मुलाचा सेकंडहँड डेस्कटॉप. वायफाय मागे पोचत नव्हतं म्हणून दुसरा राऊटर आणला, दुकानाच्या माणसाने तो जोडून दिला, आणि तेव्हापासून घरातल्या कुरबुरी सुरू झाल्या. कधी पुढे नेट चाले आणि मागे बंद, कधी याच्या उलट. बंद करून चालू केलं की थोडा वेळ बरं, मग पुन्हा तेच. इकडे महिन्याची 20 तारीख, जीएसटीचा 3बी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, आणि तिकडे पुतणीची इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राऊंडची कॉलेजं भरायची. कनेक्शनवाल्यांना विचारलं तर एकच उत्तर: दुसरं कनेक्शन घेऊन टाका.

तुम्ही आलात आणि पहिलंच वाक्य बोललात, "मॅडम, आधी घर पाहू द्या. पैसे भरायचं मंग पाहू."

तुम्ही दोन्ही राऊटरच्या आत शिरून पाहिलं. दोघांचाही पत्ता 192.168.1.1. दोघंही घरातल्या यंत्रांना आपापल्या मनाने पत्ते वाटत होते, ज्याला डीएचसीपी म्हणतात ते. नेट मात्र एकाच्याच मागे. ज्या संगणकाला चुकीचा राऊटर भेटला, त्याच्यापुढे रस्ताच नव्हता. इतक्या दिवसांच्या कटकटीचं कारण एवढंसं होतं. तुम्ही मागच्या राऊटरचा पत्ता 192.168.1.2 केला, त्याचं डीएचसीपी बंद केलं आणि केबल लॅनच्या, म्हणजे घरातल्या जोडणीच्या, भोकातच राहू दिली. आता पत्ते देणारा एकच, मागचा नुसता पोचवतो. पुढच्याला वायफायचा चॅनल 1 आणि मागच्याला 11 दिला, म्हणजे दोघांच्या लहरी एकमेकांवर चढत नाहीत. वायफायची 5 गिगाहर्ट्झची लहर मातीच्या भिंतीपुढे टिकत नाही, हे तुम्ही माजघरात मोबाईल धरून, दांड्या कमी होताना आम्हाला दाखवलं.

हे काम करून तुम्ही निघून गेला असता तरी आम्ही खूश झालो असतो. पण सासऱ्यांनी विचारलं, एक कनेक्शन आणि चार संगणक, तर कोणाचं काय ते त्या डबीला कसं समजते? तुम्ही हातातलं काम ठेवून त्यांच्याजवळ ओसरीवर बसलात. "बाबाजी, टपाल वाड्याच्या एकाच पत्त्यावर येते ना? कोणत्या खोलीत द्यायचं ते घरचा माणूस पाहते. हा राऊटर तो घरचा माणूस." बाहेरच्या जगाला आपल्या घराचा एकच पत्ता दिसतो, आणि 192.168 ने सुरू होणारे पत्ते घराघरांत आतल्या वापरासाठीच राखून ठेवलेले असतात, म्हणून शेजाऱ्याकडेही तोच आकडा असला तरी काही बिघडत नाही, हेही सांगितलं. ऐंशीच्या घरातला माणूस नेटबद्दल विचारतो आणि त्याला कोणी पूर्ण उत्तर देतो, हे मी आमच्या घरात पहिल्यांदा पाहिलं. नाहीतर "तुम्हाला नाही समजायचं" हेच ऐकायची त्यांना सवय.

आणि ती केबल! सगळ्यांनी सुचवलं होतं, अंगणावरून कडुनिंबाला बांधून सरळ ताणून घ्या. तुम्ही नाही म्हटलं. फायबर काचेची, तिच्यातून वीज येत नाही. पण लॅनची केबल तांब्याची, आणि मृगात आपल्याकडे विजा कशा कडाडतात ते सांगायला नको. उघड्यावरची तार दोन्ही टोकांची यंत्रं जाळू शकते. गोठ्याच्या भिंतीला धरून, पीव्हीसी पाइपातून फेऱ्याने नेली. केबल जास्त लागली, पण 100 मीटरच्या मर्यादेच्या खूप आत राहिली. शुद्ध तांब्याचीच घ्या, वरून तांबं चढवलेली ॲल्युमिनियमची नको, हेही तुम्हीच बजावलं. आभाळ भरून आलं की डबीच्या अडॅप्टरचा प्लग काढायचा, हे आता सासूबाईंनाही पाठ आहे.

टोकं बसवायची वेळ आली तेव्हा पुतणी बाजूला उभी होती. तुम्ही तिच्या हातात क्रिंपिंगची, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायची, पक्कड दिली. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठ तारा नखाने सरळ करायच्या, टोकं एका रेषेत कापायची, कनेक्टरची क्लिप खाली धरून आत सरकवायच्या, प्रत्येक तार पुढे टेकली का ते उजेडात पाहायचं, मग दाबायचं. तिचं पहिलं टोक टेस्टरवर चाललं नाही, तीन आणि सहाचे दिवे लागेनात. तुम्ही रागावला नाहीत, हिसकून घेतलं नाही. "हिरवा पुढं नाही गेला, पाय. काप अन् पुन्हा लाव." नंतर एकापासून आठपर्यंत दिवे ओळीने लागले तेव्हा ती जे हसली, त्याच्यासाठी हे पत्र लिहायला मला वेगळं कारण नको होतं.

मुलाची तक्रार होती की प्लॅन 40 एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला 40 मेगाबिटचा, आणि फाइल उतरते सेकंदाला पाचच एमबीने, म्हणजे मेगाबाइटने, कंपनी फसवते. आठ बिटांचा एक बाइट, 40 भागिले 8 म्हणजे 5, पूर्ण मिळते, हे तुम्ही त्याच्याकडूनच वहीत काढून घेतलं. मग खरी ओढ कुठे आहे तेही दाखवलं. चारही संगणक विंडोजचं तेच अपडेट वेगवेगळं उतरवत होते, आणि दिरांच्या मोबाईलमधले फोटो दिवसभर वर चढत होते, त्यात अपलोड भरून जाई आणि पुतणीच्या क्लासचा आवाज तुटे. एका संगणकाने उतरवलेलं अपडेट घरच्या नेटवर्कवरून दुसऱ्यांना मिळेल अशी सेटिंग करून दिली, फोटोंना रात्रीची वेळ दिली. प्लॅन तोच आहे. भांडण नाही.

पोलीस भरतीच्या सराव परीक्षांसाठी गल्लीतली पोट्टी आमच्या ओसरीवर येतात. त्यांच्यासाठी तुम्ही पाहुण्यांचं वेगळं वायफाय काढून दिलं: नेट मिळते, पण दिरांच्या हिशेबाचा संगणक दिसत नाही. समोरच्या चुलत घरी वायर टाकून द्या म्हटलं तेव्हा मात्र तुम्ही स्पष्ट नकार दिलात. कनेक्शन एका घरासाठी आहे, त्यावरून जे होईल त्याचा जाब ज्याच्या नावावर आहे त्याला. खरं बोललात.

पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा तुम्ही उठून अंगणात गेलात. "मले सांगू नका, कागदावर लिहून मालकाजवळ ठेवा." शिकलेल्या-सवरलेल्यांकडूनही एवढा संकोच मला कमी दिसला आहे.

मी शिक्षिका आहे, म्हणून एक गोष्ट जास्त जाणवते. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना 2011 ची, 2015 पासून तिला भारतनेट म्हणतात. त्यावर भाषणं होतात, फलक लागतात. पण रस्त्यावरून बैठकीपर्यंत आलेली तार मागच्या खोलीतल्या मुलीपर्यंत न्यायला घराच्या भिंती ओळखणारा माणूस लागतो, आणि त्याचा फलक कुठेच नसतो. तुम्ही मजुरी घेतली ती कामाची. शिकवण्याचे पैसे देऊ केले तर भाकर-ठेचा मागितला.

परवा रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली. नेट गेलं, पण घरातलं नेटवर्क सुरूच होतं. मागच्या खोलीतून पुढच्या प्रिंटरवर पुतणीने कॅपचे कागद छापले, आणि फायबर जोडायला आलेल्या माणसाला तिने डबीवरचा लाल दिवा कोणता ते सांगितलं.

आता एक विनंती. सातवीच्या वर्गाला तुम्ही ती टोकं बसवून दाखवावीत असं मुख्याध्यापकांशी बोलून ठरवलं आहे. केबलचे तुकडे आणि कनेक्टर शाळा आणेल, पक्कड आणि टेस्टर तेवढा तुमचा आणा. शनिवारी सकाळची शाळा असते. कोणता शनिवार जमेल ते कळवा, जेवण आमच्याकडेच.

तुमची,
एक जिल्हा परिषद शिक्षिका
आर्वी तालुका, जि. वर्धा