मंत्रीसाहेब, टॉवर मागाहून बांधा, आधी एक बाक टाका

माननीय पर्यटनमंत्री साहेब,

सप्रेम नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातली. घरात नवरा, आठ वर्षांची मुलगी, साडेचार वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई, आणि या पाच जणांत मिळून आठवड्याला रविवार एकच. हे पत्र त्या रविवाराबद्दल आहे, आणि झुआरीच्या पुलावर तुम्ही टॉवर बांधणार आहात त्याआधी आम्हाला लागणाऱ्या बाकाबद्दल. बाहेरचे नातेवाईक म्हणतात तुमची काय बाबा मजा, गोव्यात राहता म्हणजे रोजच पिकनिक. त्यांना सांगून पटत नाही की अख्खा देश जिथे मजा करायला येतो तिथल्या माणसाला रविवारी दुपारी पोरांना घेऊन जायचं कुठे हा प्रश्न पडतो, आणि सोबत म्हातारं माणूस असेल तर दुप्पट पडतो.

गेल्या मे महिन्यात पोरांच्या हट्टापायी एका वॉटर पार्कला गेलो. नाव नाही घेत, कारण तक्रार त्या एकाची नाहीच, सगळीकडे थोडंफार असंच चालतं. काउंटरवर विचारलं, सासूबाई पाण्यात उतरणार नाहीत, नुसत्या बसणार, त्यांचं तिकीट? तर म्हणाला मॅडम आत गेलं की तिकीट लागतंच. बरं. मग नायलॉनचे कपडे कंपल्सरी, नसतील तर भाड्याने घ्या, वर डिपॉझिट. लॉकर वेगळा, त्याचंही डिपॉझिट. आम्ही चौघं आत पाण्यात आणि सासूबाई नीट नेसलेल्या साडीत एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर सगळ्यांच्या चपला, माझी पर्स आणि ओला टॉवेल. ऊन सरकेल तशी त्या खुर्ची सरकवत होत्या. सकाळी बघितलं तेव्हा खुर्ची भिंतीपाशी होती, निघताना बघते तर पार टॉयलेटच्या दारापाशी पोचलेली. सहा तासांत त्यांनी तेवढा प्रवास केला पूर्ण तिकिटात.

मुलीचं आणखी निराळं. मोठ्या घसरगुंडीपाशी लाकडी विदूषक उभा केलेला, त्याच्या पसरलेल्या हाताला डोकं लागलं तरच वर सोडणार. दोन बोटं कमी पडली. मागे आली, मला म्हणते आई अंबाडा घाल, अगदी डोक्यावर. घातला. परत जाऊन ऐटीत उभी राहिली. तिथल्या मुलाने एका बोटाने अंबाडा दाबला आणि हसून म्हणाला, बाय, पुढच्या वर्षी ये. तो बरोबरच होता हां, उंचीचा नियम काही उगाच नसतो, बेल्ट नि बार ठरावीक अंगाच्या माणसाला धरतील अशा बेताने केलेले असतात आणि खाली पाण्याची खोलीही असते. पण झालं काय, की घरच्या पाच जणांत म्हातारी बसून, धाकटा गुडघाभर पाण्यात, मोठी रुसलेली, आणि आम्ही दोघं आळीपाळीने पहाऱ्यावर. याला फॅमिली एंटरटेन्मेंट म्हणायचं.

यावर एक गोष्ट आठवली ती सांगते. वॉल्ट डिस्ने म्हणे आपल्या मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये घेऊन जायचा, मुली मेरी-गो-राउंडवर आणि हा बाकावर बसून शेंगदाणे खायचा, आणि तिथे बसून त्याच्या डोक्यात आलं की आईबाप आणि मुलं दोघांनाही एकत्र मजा येईल अशी जागा का नसावी. त्यातून १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं. उघडण्याचा दिवस मात्र पार फजितीचा, खोट्या तिकिटांवर हजारो माणसं घुसली, उन्हाने नवीन डांबर मऊ पडून बायकांच्या टाचा रुतल्या. आणि त्याआधी प्लंबरांचा संप झालेला, तर पिण्याच्या पाण्याचे नळ पुरे करायचे की टॉयलेट, असं एकच काहीतरी शक्य होतं. त्याने टॉयलेट निवडली. मला तो माणूस तिथे आवडला. किल्ला, राजकन्या, उंदीर सगळं नंतर. आधी बाक, मग टॉयलेट.

आणि साहेब, आपल्याकडे नेमकं हेच दोन नाही.

म्हणून स्पष्टच लिहिते, आम्हाला गोव्यात मोठा थीम पार्क हवाच असं काही नाही. हौस वाटते ना, खोटं कशाला बोलू, २०१३ ला खोपोलीला इमॅजिका झाल्यापासून आमच्या वाड्यावरची निम्मी घरं एकदा तरी जाऊन आलीत, रात्रभर बस, दिवसभर रांगा, परत रात्रभर बस. बाकीचे बंगळुरूला वंडरलाला. वर्षातून एकदा ठीक आहे ते. आमच्या लहानपणी शाळेची सहल मुंबईला गेलेली तेव्हा एस्सेलवर्ल्ड बघितलं, मुंबईची मुलं तिथे बोटीने जायचं याच्यावरच खूश आणि आम्ही गोव्याची मुलं एकमेकांकडे बघत होतो की यात काय विशेष, ही तर फेरीबोट. ते एस्सेलवर्ल्ड १९८९ ला उघडलं आणि २०२२ ला बंद पडलं. फेरीबोट आपली अजून चालू आहे.

फेरीबोटीचंच बोलते. आम्हाला पणजीला जायचं तर मये करून चोडण, तिथून फेरीने रायबंदर. पुलावरूनही जाता येतं, पण पोरं ऐकत नाहीत. चालत जाणाऱ्याला पैसे नाहीत. लोखंडी फळी खाली येताना जो धाडकन आवाज होतो त्यासाठी धाकटा दोन्ही कानांवर हात ठेवून आधीपासून तयार असतो. मोठी कठड्याला लागून कांदळवनातले बगळे मोजते, कारण चोडणच्या काठालाच सलीम अली पक्षी अभयारण्य, तिथे काय काय दिसतं ते शाळेत सांगितलंय. आणि सासूबाई, ज्या वॉटर पार्कात सहा तास एक शब्द बोलल्या नाहीत, त्या इथे वारा लागला की सुरू होतात, पूर्वी होड्यांतून कसे जायचे, कुणाची गाय कशी पलीकडे नेलेली, नवऱ्या मुलीला घेऊन वऱ्हाड कसं अडकलेलं. दहाएक मिनिटांत तिन्ही पिढ्या खूश. आता तिथे रो-रो नावाची नवी फेरी पण आली, ती बरीच पटकन पोचते, धाकट्याला त्याचाच राग आहे.

आणि संध्याकाळी मांडवीत त्या कॅसिनोच्या झगमगत्या बोटी दिसल्या की त्याचा ठरलेला प्रश्न, आई, ती लाइटवाली बोट कसली, आपण कधी जायचं? काय सांगू. तिथे एकवीस वर्षं पुरी लागतात बाबा. मग बोटं मोजत बसतो किती वर्षं राहिली. नदीतला सगळ्यात मोठा उजेड नेमका आमच्यासाठी नाही, हे साडेचार वर्षांच्या पोराला समजावणं तुम्ही एकदा करून बघा.

तर माझं म्हणणं एवढंच की आमच्या करमणुकीच्या जागा आहेत, तुम्ही त्या करमणूक म्हणून मोजत नाही. मिरामारचं सायन्स सेंटर आहे, तिथे माझा नवरा पोरांपेक्षा जास्त वेळ बटणं दाबत बसतो. बोंडला आहे, आठ चौरस किलोमीटरचं, चोडणचं पक्ष्यांचं सोडलं तर राज्यातलं सगळ्यात लहान अभयारण्य, पण लहान मुलाच्या पायाला तेवढंच झेपतं (गुरुवारी बंद असतं, लक्षात ठेवा, आमच्या शेजारच्यांचा दोनदा हेलपाटा झालाय). बोगमाळोचं नौदलाचं विमान म्युझियम आहे, अंगणात सुपर कॉन्स्टलेशन नावाचं जुनं मोठं विमान उभं, पोरं त्याच्या पोटाखालून हलत नाहीत. आग्वादच्या तुरुंगाचं आता म्युझियम केलंय ते खरंच चांगलं काम झालं, सासूबाई स्वातंत्र्यसैनिकांच्या त्या कोठड्यांपुढे हात जोडून उभ्या राहिल्या, मुलीने विचारलं देव कुठे आहे इथे? इफ्फीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत तर आम्ही सिनेमा एकही बघत नाही, पणजीच्या कांपालला नुसते दिवे बघत फिरतो, आइस्क्रीम खातो नि घरी येतो. तुमच्या हिशेबात आम्ही त्यात कुठे येतो कोण जाणे.

माशेलचा चिखलकाला बघा. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकी-कृष्णाच्या देवळासमोर, धो धो पाऊस, आणि सात वर्षांचा पोरगा नि सत्तर वर्षांचे काका एकाच चिखलात लोळतायत. उंचीची पट्टी नाही, कॉश्च्युम नाही, लॉकर नाही. तुमच्या खात्याने त्याची जाहिरात सुरू केली, चांगलंच केलं, फक्त एक विनंती, स्टेज नि भाषणं जरा बेताने ठेवा, चिखलाला त्याचं काम करू द्या.

आणि जत्रा. म्हापशाला बोडगेश्वराची असो की फातर्प्याची, आमच्या घराला वर्षभर पुरणारं एंटरटेन्मेंट ते हेच. खाजं, चणे, फुगे, बांगड्या, प्लॅस्टिकचे डंपर, मध्यरात्री देवळापुढच्या मांडवात नाटक, चटईवर झोपलेली पोरं, आणि पाळणा. म्हणजे जायंट व्हील हो. गोव्यातल्या निम्म्या मुलांची पहिली राइड तीच. इथे मात्र मला भीती वाटते आणि त्याबद्दल तुम्ही हसण्यावारी नेऊ नका. एका जत्रेत (कुठली ते जाऊ दे) आमच्या पाळण्याच्या दांड्याला पिन हवी तिच्या जागी तार पिळून घातलेली मी डोळ्यांनी बघितली. मी पोरांना उतरवलं तर पाळणेवाला म्हणतो ताई, पूर्ण सीझन ह्यावरच गेलाय. त्याला वाटलं धीर देतोय.

अशा राइड्ससाठी भारतीय मानक आहे, आयएस १५४७५, कागदावर सगळं लिहिलंय, तपासणी कशी, देखभाल कशी. पण गावच्या जत्रेत पाळणा येतो तेव्हा पंचायतीची परवानगी झाली, विजेचं कनेक्शन झालं की फिरायला लागतो, बोल्ट कोणी बघितला? फर्मागुडीला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, १९६७ ला सुरू झालेलं. तिथले मेकॅनिकलचे एक सर आणि चार मुलं जत्रेच्या आदल्या दिवशी जाऊ देत, दांडे, पिना, वेल्डिंग बघू देत, आणि पाळण्याच्या खाली एक पाटी लागू दे, कधी तपासला, कोणी तपासला, किती वजनाला. मुलांना प्रॅक्टिकल, आम्हाला झोप. यात मोठा खर्च कुठला आहे मला दिसत नाही. गर्दीचं तर मी वेगळं लिहायला नको, मे २०२५ मध्ये शिरगावच्या लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली, आमच्याच तालुक्यातली गोष्ट, त्या उताराच्या रस्त्याने आम्हीही लहानपणापासून पोरं खांद्यावर घेऊन गेलोय. त्यावर हात चालत नाही लिहायला.

आता मूळ मुद्दा, बाक. सासूबाईंचा हिशेब असा, कुठेही निघायचं म्हटलं की त्या तीन गोष्टी विचारतात: बसायला आहे का, जायला आहे का, आणि सावली आहे का. तिन्हीला हो असं उत्तर देता येईल अशा जागा मी मोजायला बसले तर एका हाताची बोटं पुरली. किल्ल्यावर चढून जायचं, वर सुंदर देखावा, बसायला तटाचा तापलेला चिरा. धक्क्यावर फेरीची वाट बघत उन्हात उभं. एका ठिकाणी नवीन कोरं टॉयलेट, फरश्या चकचकीत, दाराला कुलूप. विचारलं तर सांगितलं उद्घाटन व्हायचंय. साडेचार वर्षांच्या मुलाला उद्घाटनाची तारीख कळत नाही साहेब. मग जे व्हायचं ते झालं, आणि तोही एक प्रकारे उद्घाटनच करून आला.

आणि परतीची बस. रविवारी संध्याकाळी साडेसातनंतर डिचोलीकडे यायला स्टँडवर उभं राहून बघा. गाडी असलेल्यांचं सोडा, नसलेल्यांची करमणूक सहालाच संपते, सूर्य बुडायच्या आधी बॅगा आवरायच्या. शिगम्याची मिरवणूक ऐन रंगात येते तेव्हा आमच्यासारखे ढोल-ताशांवर नाचणाऱ्या रोमटामेळाकडे पाठ करून शेवटच्या बसमागे धावत असतात. शिगमा, कार्निव्हल आणि इफ्फी, एवढ्या दिवसांपुरत्या तरी रात्री अकराला तालुक्यांना जादा बसेस सोडता येतील की नाही, एवढं विचारून सांगा.

झुआरीच्या पुलावर उंच टॉवर आणि फिरतं रेस्टॉरंट होणार असं वाचलं. होऊ दे, आम्हीही एकदा जाऊ, वरून आपलं घर दिसतं का ते पोरं शोधतील. धारगळला हॉटेल, वॉटर पार्क, कॅसिनो सगळं एकत्र येणार असंही कित्येक वर्षं ऐकतोय. त्याला गुंतवणूक म्हणतात, त्याला पाहुणे यायचे आहेत, मला त्यातलं जास्त कळत नाही. पण त्या टॉवरच्या फिरत्या रेस्टॉरंटमधल्या एका टेबलाच्या पैशात किती धक्क्यांवर पत्र्याची शेड नि दोन बाक होतात, हे तुमच्या खात्यातल्या कुणा अकाउंटंटला एकदा मांडायला सांगा.

सध्या आम्ही आमची सोय आम्ही केलीय. गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून सासूबाईंनी स्वतः घासाघीस करून घडीचं एक स्टूल घेतलं, निळ्या कापडाचं, खांद्याला अडकवायला पट्टा आहे. येत्या रविवारी चोडणमार्गे पणजी, ते स्टूल घेऊन. साडेतीनशे पडले. बिल जपून ठेवलंय, कुठल्या हेडखाली पाठवायचं तेवढं कळवा.

आपली,
डिचोली तालुक्यातली एक आई, आणि सून