खासदारांचे प्रश्न मोजू नका, उत्तरे छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संसदेचे अधिवेशन संपले की आपल्या दैनिकात दोन बातम्या हमखास येतात. सभागृहाचे किती तास गोंधळात वाया गेले ही एक, आणि आपल्या भागातल्या खासदारांनी किती प्रश्न विचारले ही दुसरी. दोन्ही बातम्या खऱ्या असतात. तरी त्या वाचून आमच्या खासदाराने दिल्लीत नेमके काय केले, हे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मतदाराला कळत नाही. म्हणून एक मागणी घेऊन हे पत्र लिहीत आहे. प्रत्येक अधिवेशनानंतर आपल्या जिल्हा आवृत्तीत खासदारांनी विचारलेले प्रश्न आणि सरकारने त्यांना दिलेली उत्तरे मराठीत छापावीत. आकडा नको, मजकूर हवा.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवत असे. प्रश्नोत्तराचा तास मुलांना समजावताना जाणवायचे की मोठ्या माणसांनाही त्याची फारशी ओळख नाही. लोकसभेत रोज सकाळी अकरा ते बारा हा तास प्रश्नांचा. त्या दिवसाच्या यादीत तारांकित प्रश्न फक्त २० असतात. त्यांची उत्तरे मंत्र्याने उभे राहून द्यायची, आणि त्यावर खासदाराने तिथल्या तिथे पुरवणी प्रश्न विचारायचे. अतारांकित प्रश्न २३०, त्यांची उत्तरे लेखी. खासदाराला किमान १५ दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि कोणाचा प्रश्न यादीत लागेल ते सोडतीने ठरते. तारांकित वीसपैकी तासाभरात प्रत्यक्ष पुकारले जातात ते जेमतेम पाच-सहा. म्हणजे चांगला प्रश्न तयार करूनही तो तोंडी विचारायला मिळेलच असे नाही. आणि मिळाला, तर पुरवणी प्रश्नात मंत्र्याला कोंडीत पकडण्यासाठी विषयाची पूर्ण तयारी लागते. या तासात मंत्र्याला उत्तर सहजासहजी टाळता येत नाही, म्हणून तो मला संसदेच्या साऱ्या कामात सर्वांत मोलाचा वाटतो.

आपल्याकडे मात्र मोजदाद सुरू झाली. कोणत्या खासदाराचे किती प्रश्न, किती टक्के हजेरी, कोणाला संसदरत्न पुरस्कार. महाराष्ट्राच्या खासदारांची नावे या याद्यांत वर असतात याचा मलाही अभिमान वाटतो. पण संसदेच्या संकेतस्थळावर जाऊन प्रश्नांच्या याद्या उघडून पाहा. एकाच प्रश्नाखाली चार-पाच खासदारांची नावे एकत्र दिसतात, कारण सारखे प्रश्न एकत्र केले जातात. देशभरातल्या एखाद्या योजनेची राज्यवार आकडेवारी मागणारा प्रश्न आणि आपल्या तालुक्यातल्या रखडलेल्या कामाची तारीख मागणारा प्रश्न, दोन्हींची मोजणी ‘एक’ अशीच होते. मग सोपा प्रश्न विचारण्याकडे कल वाढला, तर दोष केवळ खासदारांचा नाही. आपण जे मोजतो, तेच आपल्याला मिळते.

आता उत्तरांविषयी, कारण खरी गोष्ट तिथे आहे. लेखी उत्तरांत एक वाक्य वारंवार भेटते: माहिती गोळा केली जात असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल. वाचणाऱ्याला वाटते, झाले, विषय संपला. तो संपत नाही. संसदेच्या नियमांप्रमाणे असे वाक्य हे आश्वासन धरले जाते. ते सरकारने तीन महिन्यांत पुरे करायचे असते, आणि त्यावर लक्ष ठेवायला दोन्ही सभागृहांची आपापली आश्वासन समिती असते. मंत्रालयाला मुदतवाढ हवी असेल तर ती समितीकडे मागावी लागते. हे ठाऊक असलेला वाचक चौथ्या महिन्यात खासदाराला पत्र लिहून विचारू शकतो की त्या उत्तराचे पुढे काय झाले. पण मुळात ते उत्तर त्याच्या वाचनातच आले नाही, तर तो काय विचारणार?

मुंबई-गोवा महामार्गाचेच घ्या. चौपदरीकरणाचे काम पनवेलजवळच्या पळस्प्याकडून २०११ मध्ये सुरू झाले. या रस्त्यावर संसदेत किती वेळा प्रश्न आले, किती वेळा उत्तरात नवी मुदत दिली गेली, याची नोंद जशीच्या तशी उपलब्ध आहे. ती सगळी उत्तरे तारखेनुसार एकाखाली एक छापली, तर गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्याला आणि रोज या रस्त्यावरून एसटीने जाणाऱ्या माणसाला दहा अग्रलेखांतून कळणार नाही इतके कळेल. विलंबाची कारणे प्रत्येक वेळी काय सांगितली, भूसंपादन, ठेकेदार की आणखी काही, आणि आधीचे कारण दूर झाल्यावर नवे कुठून आले, हे दिसेल. खासदारांनी मागच्या उत्तराचा आधार घेऊन पुढचा प्रश्न विचारला का, हेही दिसेल. माझ्या मते खासदाराची परीक्षा त्यातच आहे.

कारण संसदेत बदल घडतो तो पाठपुराव्याने. सप्टेंबर १९५७ मध्ये लोकसभेत विचारले गेले की आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत पैसे गुंतवले आहेत का. सरकारचे उत्तर समाधानकारक नव्हते. खासदार फिरोझ गांधी यांनी ते सोडले नाही. स्वतः सत्ताधारी पक्षाचे असून त्यांनी डिसेंबरात कागदपत्रांनिशी सभागृहात विषय मांडला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा चौकशी आयोग नेमला गेला, त्याची सुनावणी लोकांसमोर झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. प्रश्न एकच होता. आजच्या तक्त्यात त्याची नोंद ‘१’ अशी झाली असती.

शून्य प्रहराबाबतही वाचकाला जरा सावध करायला हवे. तिथे खासदार तातडीचा विषय दोन-तीन मिनिटांत मांडतो आणि त्याची चित्रफीत संध्याकाळपर्यंत गावोगावच्या मोबाइलवर पोचते. विषय मांडणे योग्यच, त्याने लक्ष वेधले जाते. पण शून्य प्रहरात मंत्र्यावर उत्तर देण्याचे बंधन नसते. त्याच खासदाराने लोकसभेच्या नियम ३७७ खाली तो विषय दिला, तर मंत्रालय त्याला लेखी उत्तर पाठवते. चित्रफीत सगळे पाहतात, ते पत्र कोणी मागत नाही. आपल्या वार्ताहराने मागावे.

समित्यांचे काम तर आपल्याकडे जवळपास छापलेच जात नाही. मंत्रालयांशी संबंधित २४ स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुटीत या समित्या आपापल्या मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे वर्षाच्या खर्चाचे प्रस्ताव, तपासतात, सचिवांना समोर बसवून विचारतात. बैठकीत कॅमेरा नसतो, त्यामुळे वेगवेगळ्या पक्षांचे लोक तिथे बरेच मोकळेपणाने बोलतात आणि अहवाल बहुतेक वेळा एकमताने येतो. सभागृहात मात्र २०१८ आणि २०२३ या दोन्ही वर्षी एकाही मंत्रालयाच्या मागण्यांवर चर्चा न होता सगळ्या मागण्या एका झटक्यात मंजूर झाल्या. म्हणजे त्या दोन्ही वर्षी देशाच्या खर्चाची जी काही छाननी खासदारांनी केली, ती समितीच्या खोलीतच. आमचे खासदार कोणत्या समितीवर आहेत, त्या समितीच्या बैठकांना हजर होते का आणि अहवालात कोकणाशी संबंधित काही आहे का, हे आपल्या दैनिकातून कळायला हवे. मासेमारी, बंदरे, रेल्वे, आंबा-काजूची निर्यात, प्रत्येक विषय कोणत्या ना कोणत्या समितीपुढे येतो.

विधेयकांचेही तेच. १५व्या लोकसभेत (२००९-१४) ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. १७व्या लोकसभेत (२०१९-२४) हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या, १७वीच्या २७४. बैठका कमी म्हणजे प्रश्नोत्तराचे तास कमी. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात करोनाच्या कारणाने तो तास झालाच नाही. जे थोडे दिवस उरतात, त्यात मिळालेले प्रत्येक उत्तर म्हणूनच जपून ठेवण्यासारखे आहे.

मतदार म्हणून आपलेही वागणे बदलायला हवे, हे मी मान्य करतो. खासदार लग्नाला आला का, सप्ताहाला आला का, क्रिकेटच्या सामन्यांचे उद्घाटन त्याने केले का, यावर आपण त्याला जोखतो. गटार आणि नळपाणी हे नगरपंचायतीचे काम, तेही त्याच्याच गळ्यात घालतो. खासदार निधीतून झालेली पिकअप शेड, हायमास्ट दिवा, सभामंडप आपल्याला दिसतो, कारण त्यावर नाव असते. हा निधी वर्षाला पाच कोटी. आमच्या मतदारसंघात चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत सहा विधानसभा मतदारसंघ, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी त्र्याऐंशी लाख. यात विकास काय होणार! याउलट रेल्वेच्या एका मागणीत, बंदराच्या एका धोरणात शेकडो कोटींचा निर्णय असतो, आणि तिथे बोलण्याचा अधिकार आपण फक्त खासदाराला दिलेला असतो.

या भागाला तर हे नव्याने सांगायला नको. जुन्या राजापूर मतदारसंघातून बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर मधू दंडवते लोकसभेत गेले. दोघांनी कोकण रेल्वेचा विषय संसदेत लावून धरला. नाथ पै यांचे १९७१ मध्ये निधन झाले. रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण सुरू झाला तो जानेवारी १९९८ मध्ये. संसदेतल्या कामाचे फळ इतके उशिरा येते, म्हणूनच त्याची नोंद ठेवणारे कोणीतरी हवे. ते काम स्थानिक वर्तमानपत्राइतके चांगले कोणी करू शकणार नाही.

यासाठी दिल्लीत स्वतंत्र प्रतिनिधी नेमण्याची गरज नाही. प्रश्नांची उत्तरे त्याच दिवशी संसदेच्या संकेतस्थळावर येतात, पण इंग्रजी आणि हिंदीत, सरकारी भाषेत. ती सोप्या मराठीत आणायची, कोणत्या प्रश्नाचे उत्तर टाळले गेले ते सांगायचे आणि मागच्या उत्तराशी ताडून पाहायचे, एवढेच. अधिवेशन चालू असताना आठवड्याला अर्धे पान पुरेल. आश्वासनांसाठी एक चौकट वेगळी ठेवावी: कोणते आश्वासन, कोणत्या तारखेचे, तीन महिने कधी पुरे होतात. सुरुवात महामार्गापासून करावी. जुनी उत्तरे शोधून, भाषांतर करून द्यायला मी आणि माझ्यासारखे दोन-तीन निवृत्त शिक्षक तयार आहोत. पुढचे अधिवेशन सुरू होण्याआधी आपण कळवलेत तर लगेच कामाला लागू.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
राजापूर, जि. रत्नागिरी