मागे धावायचं नाही, बसायचं

ती. आई-बाबा,

बाबा, तुम्ही विचारलंत की एका फुलपाखराच्या फोटोला अख्खी सकाळ कशी काय जाते, ते फोनवर धड सांगता आलं नाही म्हणून लिहितेय. उडायचे स्नायू साधारण ३० डिग्रीच्या आसपास तापल्याशिवाय त्याला नीट उडताच येत नाही, म्हणून ऊन आलं की ते पंख पसरून पानावर नुसतं शेकत बसतं, तेवढ्यात गाठायचं. एकदा का ऊन चढलं की मग काही खरं नाही.

आणि मागे धावायचं नाही! काही जातींचे नर एक जागा धरून बसतात, दुसरं कुणी आलं की हुसकावून लावतात आणि परत त्याच काडीवर येतात, आपण त्या काडीसमोर बसलो की झालं. फक्त आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही. फोन पंखांना समांतर धरायचा म्हणजे सगळा पंख शार्प येतो, फोकस डोळ्यावर. कॅमेरा असेल तर शटर स्पीड १/५०० सेकंदापेक्षा हळू नको, वारा असला तर अजून फास्ट.

वसंताच्या सुरुवातीला दिसतात त्यातली काही अख्खी थंडी काढून आलेली, त्यामुळे फिकट, फाटकी. कोषातून निघालेली कोरी करकरीत मंडळी नंतर. परवा एकाच्या मागच्या दोन्ही पंखांना अगदी सारखाच तुकडा गेलेला, म्हणजे पंख मिटून बसलेलं असताना पक्ष्याने चोच मारली असणार. तरी सोंड खुपसून मजेत मध पीत होतं. मला असेच फोटो जास्त आवडतात, कोऱ्या पंखांचे काय सगळेच काढतात.

आई, लिंबाच्या झाडावर अळी दिसली की लगेच फवारा काढू नकोस. लहान असताना ती हुबेहूब पक्ष्याची शीट वाटते, मोठी झाली की हिरवी, आणि डिवचलं तर डोक्यामागून दुहेरी शिंग बाहेर काढते, वासही मारते. चार पानं खाल्ली तर खाऊ दे गं. कोष गडद होऊन आतून पंखांचे रंग दिसायला लागले की समज, आता एक-दोन दिवसांत येतंय. बाहेर आल्यावर पंख सुकेपर्यंत तासभर तरी हात लावायचा नाही. तेव्हा बाबांना खुर्ची टाकून समोर बसव, गुडघ्यांचं निमित्त अजिबात ऐकू नकोस, यात चालायचं नसतंच.

तुमची लेक