नेरहून मोजलेले मुंबईचे अंतर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विमानप्रवासाविषयी वर्तमानपत्रांतून जी माहिती येते, तीत 'नागपूर ते मुंबई दीड तास' असे एका ओळीत सांगून टाकलेले असते. दोन विमानतळांपुरते ते खरे आहे. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरसारख्या तालुक्याच्या गावाहून निघणाऱ्याच्या ते फारसे कामाचे नाही.

गेल्या कापूस हंगामात थोरल्या भावाला तपासणीसाठी मुंबईला न्यायचे होते. पहाटे साडेतीनला भाड्याच्या गाडीने निघालो. यवतमाळ-वर्धामार्गे नागपूर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. त्यात कळंबच्या अलीकडे, कापूस उंच रचून रस्ताभर डुलत चाललेल्या मॅटाडोरमागे आम्ही इतका वेळ अडकलो की सोनेगावच्या विमानतळावर पोहोचलो तेव्हा काउंटर बंद व्हायला दहाच मिनिटे उरली होती. भावाने घरून आणलेली भाकर रांगेत उभ्याउभ्याच खाल्ली. दुपारी साडेबाराला दवाखान्याच्या दारात उतरलो. एकूण नऊ तास झाले आणि त्यातले विमानातले जेमतेम दीड!

१६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. यवतमाळ-अमरावती रस्त्याने बेलोरा आम्हाला तासाभराच्या वाटेवर आहे. मुंबईपासून त्याचे हवाई अंतर सुमारे ५४० किलोमीटर, तर नागपूरचे सुमारे ६८०. तरीही बेलोऱ्याहून वेळापत्रकात पावणेदोन तास दाखवले गेले, कारण तेथील १८५० मीटरच्या धावपट्टीवर येणारे एटीआर-७२ हे पंख्याचे विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास उडते, तर नागपूरची जेट विमाने आठशेच्या घरात. नुसते हे आकडे शेजारी-शेजारी छापले, तर कोणालाही नागपूरच सोयीचे वाटेल. नेरहून हिशेब मांडला, तर बेलोऱ्याने दोन-तीन तास सहज वाचतात.

अर्थात, ते विमान आपल्या कामाच्या दिवशी असेल तर. सुरुवातीच्या वेळापत्रकात उड्डाणे आठवड्यातून तीनच दिवस होती आणि मुंबईकडे निघण्याची वेळ दुपारी पावणेपाचच्या सुमाराची. म्हणजे संध्याकाळी मुंबईत उतरून मुक्कामाचा खर्च सोसायचा आणि दवाखाना दुसऱ्या दिवशी गाठायचा. त्यापेक्षा बडनेऱ्याहून संध्याकाळची अमरावती-मुंबई एक्सप्रेस धरलेली बरी. झोप होते आणि सकाळी माणूस मुंबईत असतो.

तेव्हा विमानांच्या वेळा छापताना आपण नेर, दारव्हा, दिग्रस अशा गावांच्या बसस्थानकापासून विमानतळापर्यंत लागणारा वेळही द्यावा, ही विनंती. एसटी महामंडळानेही उड्डाणाच्या दिवशी यवतमाळ-अमरावती मार्गावरची एखादी गाडी थेट बेलोरा विमानतळाच्या दारापर्यंत न्यावी. फाट्यावर उतरून म्हाताऱ्या माणसाने सामानासह पायी जाणे शक्य नाही.

आपला,
एक वाचक, नेर (जि. यवतमाळ)